मागची होडी

१

लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी मी ह्यांना "अहो"च म्हणते. लिहिताना मात्र हरिहर लिहीन, तेवढीच मोकळीक. आणि आधीच सांगून ठेवते, ह्यात हरिहरांचा दोष चिमूटभर आहे, बाकी सगळा माझा. बत्तीस वर्षं मी रत्नागिरीत गणित शिकवलं. पोरांचं उत्तर चुकलं तर मी फारशी चिडत नसे, पण चूक लपवलेली सापडली की कान पिळायचे. आता माझा कान पिळायला कोण आहे?

तर आमची शिडाची होडी. नोकरी संपल्यावर हरिहरांनी हौसेने घेतली. चोवीस फुटी, फायबरची, आत दोघांना निजायला फळ्या, एक चिमणी शेगडी. नाव 'आरोही', नातीचं. माझी बहीण म्हणाली, "ह्या वयात माणसं काशीला जातात, तुम्ही जयगडला निघालात!" बेत खरंच तसा होता. रत्नागिरीहून जयगड, मग दाभोळ, मग मुरुड, दर संध्याकाळी कुठल्यातरी बंदरात मुक्काम, आणि पंधरा दिवसांनी घरी. फेब्रुवारी महिना, समुद्र शांत.

जिथे धक्क्याला लागता येत नाही तिथे उतरायला एक लहान वल्ह्याची होडी लागते. ती मागे दोरीने बांधून ओढत न्यायची. तिला आम्ही पिल्लू म्हणतो. रिकामंच असतं, त्यामुळे नाक वर करून टणाटण उड्या मारत मागून येतं.

आता एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. आमच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होडीतून कोणी फडकं हलवलं, की समजायचं इथे जाळं टाकलंय, लांबून जा. आपण हात वर करायचा, म्हणजे कळलं. मग मोठा वळसा घ्यायचा. आदल्या आठवड्यात सरावाला गेलो होतो, तेव्हा सुकाणू माझ्या हातात होतं आणि मी हे साफ विसरले. नेली होडी सरळ जाळ्यावरून. काय शिव्या खाल्ल्या! "ओ बाय, डोळं घरी ठेवून आलीस काय?" त्या होडीतले सगळे हसले. हरिहरसुद्धा हसले. ते मला फार लागलं.

२

सकाळी सहाला रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरातून निघालो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तो होता तोवर झकास चाललो. दहाच्या सुमारास तो मरत आला. हरिहरांची कंबर धरली होती, ते आत जाऊन आडवे झाले. जाताना म्हणाले, "कमला, सरळ ने म्हणजे झालं. संध्याकाळी रेघ बघणार हं मी." होडी जाते तशी मोबाइलवर निळी रेघ उमटत जाते, ती. माझी रेघ म्हणजे जिलबी, असं त्यांचं म्हणणं. मी मनात म्हटलं, बघाच आज.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मालगुंडच्या समोर होतो, पण किनारा पुसट दिसेल इतके बाहेर. डाव्या हाताला एक लाकडी होडी दिसली. तिच्यात उभा राहून एक माणूस तांबडं फडकं हलवत होता. मी हात वर केला. अगदी ऐटीत केला. सुकाणू ढकललं आणि उजवीकडून मोठा वळसा घेतला.

ओलांडता ओलांडता लक्षात आलं, पाण्यावर जाळ्याचे तरंगते ठोकळे नाहीत. काळा बावटा लावलेली काठी नाही. होडीचं इंजिन पाण्याबाहेर उचलून ठेवलेलं. आणि जाळं राखणारा माणूस फडकं एकदा हलवतो, दोनदा हलवतो. हा थांबतच नव्हता.

हे मला तिथंच कळलं. नंतर नाही, तिथंच. हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलंय. वळायचं म्हणजे हरिहरांना उठवायचं, शीड फिरवायचं, सरळ रेघेची जिलबी करायची, आणि ते खरंच जाळं निघालं तर पुन्हा डोळे घरी ठेवल्याचं ऐकून घ्यायचं. मी स्वतःला म्हटलं, हे काहीतरी नवीन पद्धतीचं जाळं असेल, खोल सोडलेलं. अडचण असती तर त्यांच्याकडे मोबाइल असतातच की. एवढी कारणं मी पोरांकडून कधी ऐकून घेतली नसती. शी, लिहितानासुद्धा तोंड लपवावंसं वाटतं.

मी समोर बघत राहिले. मागे वळून एकदाही बघितलं नाही.

३

पाच-सात मिनिटांनी सुकाणू जड झालं. मोबाइलवर वेग ताशी अडीच मैल होता तो पावणेदोनवर आला. वारा होता तेवढाच होता, शीडही भरलेलं होतं. मागे दोरी करकरू लागली. पिल्लू उड्या मारत असतं तेव्हा दोरी ताठते आणि सैल पडते, पाण्यावर चापट मारल्यासारखा आवाज येत राहतो. तो आवाज बंद झाला. दोरी एकसारखी ताठ होती, हे न बघताही कळत होतं. म्हटलं, पाण्याला ओढ असेल.

मग ठोके सुरू झाले. आमच्या होडीच्या पाठीला, पाण्याच्या जरा वर. तीन, थांबून दोन, परत तीन. पिल्लू आपटत असणार, दुसरं काय? पण दोरी ताठ असेल तर पिल्लू पुढे येऊन आपटेल कसं? गणिताच्या बाईला हा प्रश्न सुटायला अर्धं मिनिट पुरे. मी तो सोडवलाच नाही. मी मोठ्यांदा एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले.

हसा खुशाल. एकसष्ट वर्षांची बाई भर समुद्रात, भर उन्हात, समोर नजर लावून पाढे म्हणतेय. मध्येच "ओ" असं काहीतरी ऐकू आलं. समुद्रपक्षी असे ओरडतात. मी एकोणतीसचा संपवून सदतीसचा घेतला, आवाज आणखी चढवला. तो संपेस्तोवर ठोके थांबले होते.

वेग मात्र वाढला नाही. जे काही मागे होतं ते तेवढंच जड राहिलं.

४

दीड वाजता हरिहर डोळे चोळत वर आले. इकडे तिकडे बघून म्हणाले, "आज आरोही लंगडतेय का गं?" मग त्यांनी मागे बघितलं. "अगं, पिल्लू केवढं पाण्यात बसलंय!"

तेव्हा मी वळले. पिल्लू रिकामं होतं. पण आम्ही दोघं आत बसलो की जेवढं खाली जातं, जवळजवळ तेवढं खाली गेलेलं होतं, आणि नाक न उचलता गुमान मागून येत होतं.

चारला जयगडला पोचलो. धक्क्यालाच जागा मिळाली, त्यामुळे पिल्लूत बसून किनाऱ्याला जायची वेळ आली नाही. मला केवढं हायसं वाटलं! हरिहरांनी ते ओढून जवळ घेतलं आणि आत वाकून बघितलं. तळाला वाटीभर पाणी, बस. बाकीच्या फळ्या उन्हाने वाळून मिठाने पांढऱ्या पडल्या होत्या. फक्त बसायच्या मधल्या फळीवर एक ओला डाग होता, सुपाएवढा. त्यांनी पंच्याने पुसला. "फायबरच्या दोन थरांत पाणी शिरलं असणार," ते म्हणाले. "दाभोळला उलटं करून बघू." बोलणं पटण्यासारखं होतं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात फळी पुन्हा ओली झाली, ती त्यांनी बघितली नाही, मी बघितली.

धक्क्यावर पाच-पंचवीस माणसं जमली होती. त्यांच्यातला एक पुढे आला. गुरुप्रसाद नाव, दोन मोठ्या मच्छीमार होड्यांचा मालक, मोबाइल कानाला चिकटलेला.

"काका, रत्नागिरीसून आलात ना? वाटेत एक लाकडाची होडी गावली काय? वरवड्याचे दोघे भाऊ हायत, बाबू नि विठू. काल सांजचे गेले ते आले नायत. फोन लागत नाय. इंजान बंद पडलं असंल तर वारा भायेर नेईल त्यांना."

"मी आत झोपलो होतो," हरिहर म्हणाले. "हिला विचारा. सुकाणूवर ही होती."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. कठड्याला टेकून एक म्हातारी बाई बसली होती. कोणीतरी हळूच म्हणालं, ही त्यांची आई, गंगाबाई. ती काही विचारत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते लिहिते. हे शोधतायत दोघांना, मी बघितला एक. म्हणजे ते हे नव्हेत. गणितात बसलं. खाली बसलेला दुसरा माणूस होडीच्या कडेआड दिसणार नाही, एवढं मला सुचलं नाही असं काही म्हणवत नाही.

"नाही हो," मी म्हटलं. "कोणी दिसलं नाही."

"मग ते दक्षिणेला नायत," गुरुप्रसाद वळून ओरडला. "वरती चला, हेदवीच्या बाजूला!" शोधायला म्हणून तयार ठेवलेल्या तिन्ही होड्या निघाल्या. मालगुंड राहिलं त्यांच्या पाठीकडे. मी त्या दूर जाताना बघत उभी राहिले.

५

दिवेलागणीला हरिहरांनी मोबाइल काढला. रेघेवरून बोट फिरवत आले ते थांबले. "सरळ आणलीस की गं! फक्त मालगुंडच्या समोर एवढा वळसा कशाला?"

"जाळं होतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रेघेकडे, आणि मोबाइल उशीखाली ठेवला. भात-आमटी केली होती, ती दोघांनीही चिवडली. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं. होडीच्या पाठीशी पिल्लू होतं. ते आपटत नव्हतं, काही नव्हतं. मला वाटतं आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्र कशी गेली ते राहू दे. फटफटलं तशी मी चहाचा पेला घेऊन वर आले. खाडीचं पाणी तेलासारखं स्थिर होतं, पान हलेल एवढासुद्धा वारा नव्हता. शेजारच्या होड्या भिंतीत बसवल्यासारख्या उभ्या होत्या. मी पिल्लूकडे बघायचं नाही असं ठरवून आले होते आणि बघितलं.

पिल्लू हललं. लाटेने हलतात तसं नाही. त्याची पलीकडची कड दोन बोटं खाली गेली आणि तशीच राहिली. होडीत बसलेला माणूस दुसऱ्याला जागा करून द्यायला सरकतो ना, तेव्हा कड अशी खाली जाते. पिल्लूत हरिहर माझ्यासाठी असेच सरकतात, मला ते ओळखता येतं. मधल्या फळीवरचा ओला डाग आता मध्ये नव्हता. तो पलीकडच्या टोकाला गेला होता. माझ्या बाजूची जागा कोरडी होती.

पेला हातातून पडला. मी आत धावले आणि हरिहरांना गदागदा हलवून सगळं सांगितलं. फडकं, नसलेले ठोकळे, ठोके, पाढे, सगळं. एवढी वर्षं मी त्यांच्यासमोर रडले नव्हते, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. ते उठून बसले.

मग म्हणाले, "पाढे मी ऐकले. झोपेत वाटलं, कशावरनं तरी चिडलीय, आत्ता वर जायला नको. आणि रेघ बघितली तेव्हाच मला कळलं, कमला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू चारचौघांत नाही म्हणालीस. तुला खोटं कसं पाडू?"

चिमूटभर दोष म्हटलं तो हा. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त एवढं कळलं, की काल संध्याकाळपासून आम्ही दोघं एकमेकांची अब्रू राखत बसलो होतो आणि एक माणूस तिकडे समुद्रात फडकं घेऊन उभा होता.

गुरुप्रसादला फोन मीच केला. निळ्या रेघेवरची जागा वाचून दाखवली, वेळ सांगितली. "काल कसं बोलला नाहीत, काकू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "जाळं वाटलं हो. आत्ता एकदम आठवलं." म्हणजे बघा, खरं सांगतानाही मी खोटं सांगितलं.

६

दुपारी बाराला होड्या परत आल्या. तोवर धक्क्यावर बातमी पसरली होती की होडी सापडली, शिडाच्या होडीवाल्या बाईंनी जागा सांगितली. एकीने माझे हात धरले. कोणीतरी बसायला खुर्ची आणून दिली. नको नको म्हणताना माझ्या अंगाला मुंग्या येत होत्या. गंगाबाईंनी तर लांबूनच मला हात जोडले. मी तिकडे बघू शकले नाही.

गुरुप्रसाद आधी उतरला आणि आम्हा दोघांना बाजूला घेऊन हळू म्हणाला, "बाबू गावला, जिता हाय. धाकटा नाय गावला. होडीत एकटाच बाबू. सारखा म्हणतोय, विठू पुढं गेला, विठू पोचला. उनानं डोकं फिरलंय त्याचं. आईला अजून कोन काय बोललं नाय."

दोघांनी धरून बाबूला वर आणलं. तिशीचा असेल. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, तांबडं फडकं अजून मनगटाला गुंडाळलेलं. आईने त्याला पोटाशी धरलं. तो तिच्या खांद्यावरून इकडे तिकडे बघत होता. आमच्या होडीवर त्याची नजर गेली आणि त्याचं तोंड एकदम उजळलं.

"हीच ती!" तो म्हणाला. मग माझ्याकडे आला, अडखळत, कोणाला न जुमानता. "बाय, तुम्ही हात केलात तवा वाटलं थांबताय. मग वळलात. विठू म्हणाला, वारा पडलाय, हळू चाललीय, मी गाठतो. उडी टाकलान त्याने. लई पटाईत पोहायला. मी बघितला ना! मागच्या बारक्या होडीला हात घातलान, वर चढला, बसलान आत. मला हात केलान, म्हणजे येतो मानसं घेऊन. मग तुम्ही लांब गेलात, मला दिसेनासं झालं."

हरिहरांनी माझं कोपर धरलं होतं.

"रातभर मी भ्यालो नाय," बाबू म्हणाला. "म्हटलं, विठू पोचला, आता येतीलच. त्यानेच सांगितलान ना तुम्हास, मी कुठं हाय तो?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला खरंच माहीत नाही.

"हाय कुठं तो? दमला असंल. निजलाय काय तुमच्या होडीत?"

आता सांगायचं होतं. गुरुप्रसाद माझ्याकडे बघत होता, सगळा धक्का बघत होता. पोरं चूक लपवत तेव्हा मी त्यांना म्हणत असे, अरे, एकदा खरं बोल, मोकळा होशील. बाबू माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता.

"हो," मी म्हटलं. "निजलाय."

गंगाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि धाकट्याला उठवायला आमच्या होडीकडे चालू लागल्या. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.